नमुना ठाण्यात आलेली बाई

"या, या! तुमचीच वाट बघतायत सगळ्या," असं म्हणून गेटवर पहाऱ्याला असलेल्या आमच्यातल्याच बिराजदारनं त्या बाईला आत सोडलं आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पोलीस भरतीत निवडल्या गेलेल्या आम्ही मुली तेव्हा माळावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात होतो. केंद्राच्या टोकाला एक खोली होती. बाहेर 'पोलीस ठाणे' अशी मोठी पाटी, आत टेबल-खुर्च्या, कधीच न वाजणारा फोन, कोपऱ्यात गज लावलेली कोठडी. भिंतीवर फरारी आरोपींचे फोटो होते, त्यातला एक आमच्या मेसच्या आचाऱ्याचा होता. सगळं अगदी खऱ्यासारखं, पण सरावापुरतं. आम्ही त्याला नमुना ठाणं म्हणायचो. पाटीवरची 'सरावासाठी' ही बारीक अक्षरं उन्हानं केव्हाच उडून गेली होती.

तिथं केंगले मॅडम आम्हाला शिकवायच्या. सगळी नोकरी ठाण्यांमधून काढून, शिपायाच्या फौजदार होऊन त्या इथं आल्या होत्या. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, पण मैदान डोक्यावर घेणारे आमचे ड्रिलचे उस्तादसुद्धा त्यांच्यासमोर आवाज खाली घ्यायचे. संकटात सापडलेला माणूस ठाण्यात आला की त्याच्याशी कसं वागायचं, हा त्यांचा विषय.

"टेबल मधे असलं की समोरचा माणूस आरोपी होतो," त्या म्हणायच्या. "उठा, खुर्ची घ्या, शेजारी जाऊन बसा. आणि सांगणाऱ्याला एकदाच सांगू द्या. दर साहेबापुढं तेच तेच उगाळायला लावलंत तर तिसऱ्या साहेबाच्या आधी ती बाई घरी निघून जाईल. मग बसा शोधत."

सरावासाठी त्या बाहेरून नाटकात काम करणाऱ्या बायका बोलवायच्या, दर वेळी नवा चेहरा. ती बाई तक्रारदार व्हायची आणि आमच्यातली एक ठाणे अंमलदार. बाकीची तुकडी बाकांवर बसून बघायची.

मी त्या परीक्षेत दोनदा आपटले होते. कारण माझा आवाज. आमच्याकडं पिढीजात मेंढरं. ओढ्यापलीकडच्या कळपाला हाक मारायची तर घसा लागतोच. मी मैदानावर 'सावधान' म्हटलं की मेसची मांजरंसुद्धा थबकायची. पण नमुना ठाण्यात तोच आवाज माझ्या मुळावर आला. दुसऱ्या वेळी मी "पूर्ण नाव सांगा!" असं म्हणाले आणि ती नटी घाबरून खरोखरच बाहेर पळाली. मुली आठवडाभर हसत होत्या. उस्तादांना दीक्षांत परेडची कमांड माझ्याकडं द्यायची होती, तर मॅडम म्हणाल्या, "आधी खताळला माझ्या ठाण्यात पास होऊ द्या."

तर त्या दिवशी माझी तिसरी खेप होती. मॅडमना प्राचार्यांनी बोलावलं होतं. "बाई आली की सुरू करा, मी आलेच," असं सांगून त्या गेल्या, आणि थोड्याच वेळात ही दारात उभी राहिली.

तिशीची असेल. अंगावर नवं कोरं लुगडं, हाताला हळद, हातात ताट, ताटात नारळ. आम्ही मनात म्हटलं, काय तयारी करून आलीय! मागून एक जण हळूच म्हणालीसुद्धा, "नारळ कशाला गं? उद्घाटन करणार का काय?" तुकडीत खसखस पिकली.

बाईनं त्या हसण्याकडं बघितलं आणि दारातच पाय मागं घेतला.

"आत या!" मी म्हणाले. ती केवढ्यानं दचकली! ताटातला नारळ घरंगळत माझ्या टेबलाखाली गेला. झालं, मी मनात म्हटलं, तिसऱ्यांदाही नापास. नारळ उचलायला म्हणून मी टेबलाखालून वाकून पलीकडं निघाले ती त्याच बाजूला राहिले. एक खुर्ची तिला दिली, एक माझ्यासाठी ओढली. नारळ पुसून ताटात ठेवला.

"मावशी, बसा," मी जमेल तेवढ्या खालच्या आवाजात म्हणाले. "पाणी हवंय का?"

"पानी नगं. येळ न्हाई." ती खुर्चीच्या कडेवर टेकली. "मी म्हसोबाला नारळ ठिवायला म्हनून आलीया. लवकर न्हाई गेले तर शोधत येतील." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लगीन थांबवायचं हाय."

"कुणाचं?"

"माझ्या पोरीचं. सारिकाचं. आज गोरज मुहूर्तावर लागनार हाय."

मागून कुणीतरी "वा!" केलं. मीही मनात म्हटलं, वा. मी काही विचारलं नाही. मॅडमनी सांगितलेलं होतं, 'का' विचारू नका, 'का' विचारलं की माणूस स्वतःची बाजू मांडत बसतो. मी गप्प बसले आणि ती बोलायला लागली.

तिचं नाव वैजंता, राहायची माळापलीकडच्या वस्तीवर. मुलगी आठवीत. नवरा चांगला, पण थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नाही. त्या थोरल्या दिराच्या मुलाला कुठं मुलगी मिळेना, तेव्हा त्यानं साटंलोटं जमवलं. ज्या घरची मुलगी आपल्या मुलाला आणायची, त्याच घरी वैजंताची सारिका द्यायची. दोन्ही लग्नं एकाच मांडवात. नवरदेव सारिकाच्या दुपटीपेक्षा मोठा.

"मी न्हाई म्हनलं," वैजंता म्हणाली. "तवा दिरानं मला कोंडून घातलं. हळद लागोस्तवर भाईर काढलं न्हाई. आज आईच्या हातनंच नारळ लागतुया देवाला, म्हनून सोडलं. गावच्या चौकीत जायची सोय न्हाई, तितं दिराची उठबस हाय. म्हसोबाच्या माळावनं हितली पाटी दिसती. म्हनलं, जावं." मग ती अगदी नवल वाटून म्हणाली, "गेटावरची पोरगी म्हनाली, तुमचीच वाट बघतायत. तुमास्नी कसं वो कळलं, मी येनार म्हनून?"

तेवढ्यात दारात सावली पडली.

दारात केंगले मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी आणखी एक बाई होती. फाटकं लुगडं, विस्कटलेले केस, डोळ्याखाली काजळ फासून केलेलं काळंनिळं. तालुक्याच्या नाट्यमंडळातल्या प्रमिलाताई. "उशीर झाला हो, एसटी चुकली," असं काहीतरी त्या म्हणत होत्या, आणि मधेच थांबल्या.

मी वैजंताच्या हातांकडं बघितलं. हळद खरी होती. त्या हळदीखाली मनगटावर कुणीतरी घट्ट धरल्याचे वळ होते. ते काजळाचे नव्हते.

प्रमिलाताई पायरीवर बसल्या आणि पदरानं डोळ्याखालचं काजळ पुसायला लागल्या.

मी सवयीनं ताडकन उठायला गेले. मॅडम आल्या की उठून सॅल्यूट करायचा, ते हाडीमासी भिनलेलं. शिवाय मला वाटलं, सुटले, आता मॅडम घेतील सगळं हातात. पण मॅडम माझ्यामागं आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली बसवलं, कोपऱ्यातल्या माठातून पाणी भरलं आणि तो पेला माझ्यापुढं धरला.

"साहेब, पाणी," त्या मला म्हणाल्या.

खांद्यावर दोन चांदण्या असलेली ती बाई, माझ्यासारख्या कालच्या पोरीला साहेब म्हणाली आणि शिपायासारखी माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. मला कळलं त्या काय करतायत. वैजंतानं मला सांगितलं होतं. आता मी उठून दुसऱ्याला बसवलं असतं तर तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तिच्याकडं तेवढा वेळही नव्हता, तेवढा जीवही नव्हता. एवढं शिकवणाऱ्या त्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शिकवण्याचा अर्थ लागला.

मी पेला वैजंताच्या हातात दिला. आता तिनं पाणी घेतलं.

"मावशी, तुम्हाला नक्की काय हवंय?" मी विचारलं. "तुमच्या मनाविरुद्ध आम्ही काही करणार नाही."

"पोरगी वाचली पायजे," ती म्हणाली. "आन माझं नाव येता कामा नये. माझ्या नावावर कायबी लिवू नगा. धाकटी हाय अजून पदरात. मला त्याच घरात ऱ्हायाचंय, तिच्यासाठी."

मी मान वळवून मागं बघितलं. मॅडम नुसतं म्हणाल्या, "साहेब, होईल."

वैजंता उठली. नारळाचं ताट घेतलं. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "लय मोठ्यानं वराडतीस गं तू. पन ऐकलंस." आणि म्हसोबाच्या वाटेला लागली.

ती दिसेनाशी झाली तसं मी मॅडमना सगळं सांगितलं आणि आमच्या मुलींनी गिल्ला केला. "मॅडम, आत्ता जीप घेऊन जाऊ!"

"जा की," मॅडम म्हणाल्या. "वस्तीवर जीप दिसली की दीर पहिला प्रश्न काय विचारेल? कुणी सांगितलं. आणि आज घराबाहेर कोण पडलं होतं?"

मॅडमनी प्राचार्यांना गाठलं, मग ग्रामसेवकांना आणि तालुक्याच्या ठाण्याला फोन झाले. बालविवाह थांबवायचा अधिकार गावात ग्रामसेवकाकडं असतो, त्यांना थोडं मागून यायला सांगितलं. आणि संध्याकाळी आमचा जो नेहमीचा रूट मार्च असायचा, तीन-तीनच्या रांगेत माळाला वळसा घालून यायचं, त्याची वाट मॅडमनी वस्तीवरून वळवली. पुढं कमांडला मला उभं केलं.

उन्हं उतरताना आम्ही वस्तीवर पोचलो. मांडव दिसत होता, ताशा वाजत होता. शंभरेक खाकी पोरींची रांग धूळ उडवत येताना बघून मांडवातली माणसं दाराशी आली. मॅडमनी खूण केली. मी "थम्!" म्हणाले. दोनशे बूट एकदम थांबले.

"पोरी तहानल्यात," मॅडम पुढं होऊन म्हणाल्या. "पाणी मिळेल का दादा?"

लग्नाच्या दारात पाणी मागितलं तर नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. थोरले दीर पांढऱ्या फेट्यात पुढं आले. अंगानं भरदार, मिशीला पीळ. एवढी पोलिसांची पलटण आपल्या मांडवात आली म्हणून गडी फुलूनच गेला होता.

"आवो पानी काय, बसा, जेवूनच जावा! आरं, लाडू आना! वैजंता, कळशी आन!"

वैजंता कळशी घेऊन आली. तिनं माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. ती मला ओळखत नव्हती. म्हणजे इतकी ओळखत नव्हती की मलाच क्षणभर वाटलं, सकाळी आलेली ती कुणी दुसरीच असावी.

मॅडमनी लाडू हातात घेतला. "शुभकार्याच्या घरी आलो, नवऱ्या बघू द्या की," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीही उद्या बोहल्यावर चढतील, बघून ठेवू द्या कसं असतं ते." बायका हसल्या. आतून दोघींना आणलं. एक चांगली थोराड होती. दुसरीचं लुगडं इतकं मोठं होतं की ते दोन्ही हातांनी वर धरूनच तिला चालावं लागत होतं.

"काय गं बाळ, कितवीला?" मॅडमनी सहज विचारलं.

"धावी झाली तिची," कुणी बाई घाईघाईनं म्हणाली.

"आठवीत," सारिका म्हणाली. मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाली. "घाटगे बाईंच्या वर्गात. तुकडी ब."

ताशा थांबला. मॅडमनी लाडू खाली ठेवला. एवढ्यात ग्रामसेवक आणि तालुक्याचे फौजदार जीपमधून उतरलेच. कायदा काय आहे, हे लग्न का होणार नाही, लावलं तर कोणकोण आत जाईल, हे फौजदारांनी सगळ्यांना ऐकवलं. सारिकाला बालकल्याण समितीपुढं न्यायचं ठरलं. दिराचा चेहरा फेट्यासारखा पांढरा पडला होता. मग तो हळूहळू लाल झाला.

"कुनी सांगितलं तुमास्नी?"

"सांगायला कशाला हवं?" मॅडम म्हणाल्या. "पाणी प्यायला आलो, पोरीनं इयत्ता सांगितली. तुमच्यासमोरच की."

पण दिरांना ते पटेना. ते वळले. त्यांची नजर मांडवातून फिरत फिरत निघाली. "आज सकाळी म्हसोबाला..." ते सावकाश म्हणाले, आणि नजर वैजंतावर येऊन थांबली.

एवढं सगळं केलं आणि आता हे असं उघडं पडणार! मी मॅडमकडं बघितलं.

आणि वैजंता सुटली.

"आगं ए सटवे!" ती थेट माझ्यावरच आली. "पानी पाजलं त्याचे हे पांग फेडलेस व्हय गं? भरल्या मांडवाला दिष्ट लावलीस! पोरीच्या अंगाला हळद लागलीया, आता कोन करील तिला? तू करतीस का, बोल!" हातातली उरलेली कळशी तिनं माझ्या अंगावर रिकामी केली. मी नखशिखांत भिजले. "मुडदा बशिवला तुमचा! आन तू गं, कार्टे!" ती सारिकाकडं वळली. "लय आठवी आठवी करतीस? जा, तोंड काळं कर! परत माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस! मेलीस तू मला!"

सारिका ढसाढसा रडायला लागली. मांडवातल्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. वैजंता ऊर बडवत पुन्हा माझ्यावर धावून आली, माझी कॉलर धरली, आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला.

तेव्हा मी तिचे डोळे बघितले. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते, आणि ते माझ्यामुळं घाबरले होते. कारण माझा चेहरा विरघळत चालला होता. माझ्या ओठावर 'मावशी' आलंच होतं. अजून एक क्षण, आणि बघणाऱ्याला सगळं कळलं असतं.

मी छाती भरून श्वास घेतला.

"ए बाई!" माळावरच्या मेंढराला जावी तशी ती हाक गेली. मांडवाच्या आढ्यावरचे पारवे उडाले. "हात काढ! माघारी फीर! पोलिसांच्या अंगावर येतीस? तुलाही घालीन गाडीत!"

तिनं कॉलर सोडली. सोडताना तिच्या बोटांनी माझा गळा हलकेच दाबला, इतका हलका की तो मलाच कळावा.

"वैजंता, आवर आता!" थोरले दीर स्वतः पुढं धावले. "येडी झालीस का? पोलिसावर हात टाकतीस व्हय? साहेब, सोडा वो, आई हाय ती, डोकं फिरलंय तिचं." ज्यानं तिला कोंडलं तोच तिची बाजू घेऊन आमच्यापुढं हात जोडत होता. ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली आणि जीप निघेपर्यंत तिनं मुलीकडं मान वर करून बघितलं नाही.

आजवर मी खूप माणसं बघितली. मोठमोठे साहेब बघितले, दंगलीत एकट्यानं उभे राहिलेले शिपाई बघितले. पण त्या खांबाशी बसलेल्या बाईएवढं मोठं माणूस मला पुन्हा दिसलं नाही.

जीपच्या दाराशी मॅडमनी मला बाजूला घेतलं. माझ्या शर्टाच्या बाहीतून अजून पाणी गळत होतं.

"पास झालीस, खताळ," त्या म्हणाल्या. "तू पोरीबरोबर बस. आईचं बोलणं तिला फार लागलं असेल. वस्ती मागं पडली की तिला सांग, खरं काय ते. हळू आवाजात."

जीप निघाली. सारिका माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. तिच्या कपाळाला मुंडावळ्या तशाच होत्या. मांडव दिसेनासा झाला, म्हसोबाचा माळ आला. मी तिच्या कानाशी वाकले. एवढ्या हळू आवाजात मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन.

"सारिका, आईवर रागावू नकोस हं. तुझी आई आज सकाळी..."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

मी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"सकाळी वेनी घालताना आईनं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "म्हनाली, मी बघती कोन येतंय का. पोलीस आले तर मी तुला लय वाईटवंगाळ बोलंन, ते खरं धरू नगंस. कितवीला म्हनून इचारलं तर मोठ्यानं सांग. आन मी शिव्या घातल्या की नुसतं रडल्यागत कर, म्हंजी मोठ्या काकाला खरं वाटंल."

"मग केलंस की छान," मी कशीबशी म्हणाले. "सगळ्यांना खरं वाटलं."

तिनं कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि मुठीत धरल्या.

"सोंगच करायचं हुतं वो ताई," ती म्हणाली. "पन मला खरंच आलं."